सरकत्या जिन्यावरची जागा

आमच्या महाराष्ट्र मंडळात पहिली सात-आठ वर्षं मला गुरांची डॉक्टर समजत होते. यात मंडळाची चूक नाही. कुणी विचारलं की मी सांगायची, "व्हेटरन्सच्या खात्यात आहे," आणि ऐकणारीच्या कानात त्यातलं 'व्हेट' तेवढं शिरायचं. एका हळदीकुंकवाला एक मावशी मला बाजूला घेऊन गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्या ब्रूनोचे कान सारखे वाहतात गं, एकदा बघशील का?" ब्रूनो म्हणजे त्यांच्या मुलाचा कुत्रा. मी त्यांना समजावून सांगितलं की माझ्याकडे येतात ते सैन्यात राहून आलेले लोक, आणि त्यांच्या कानांना काही झालेलं नसतं, नोकऱ्या गेलेल्या असतात. मावशी विचारात पडल्या. मग तू आर्मीत आहेस का? नाही. वकील? नाही. मग करतेस तरी काय? तेवढ्यात तिळगूळ आला आणि उत्तर राहून गेलं.

आता निवृत्त झाले आहे, सवड आहे, आणि संपादकांनी दिवाळी अंकासाठी मागितलंही आहे. तेव्हा मावशींच्या त्या प्रश्नाचं उत्तर इथे देते. नावं सगळी बदलली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील इकडचे तिकडे केले आहेत. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या बाईची ही सवय काही सुटायची नाही.

मी अमेरिकन केंद्र सरकारच्या कामगार खात्यात, व्हेटरन्सच्या विभागात तपासनीस होते. सैनिक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बारा महिने वर्दीत असलेला जवान येतो. इथे मात्र सैन्याचा मोठा भाग राखीव माणसांचा आहे. महिन्यातून एक शनिवार-रविवार सराव, वर्षातून दोनेक आठवडे शिबिर, आणि उरलेले दिवस तो माणूस तुमच्याआमच्यासारखाच औषधांच्या दुकानात, शाळेत, बसच्या चाकामागे किंवा कॉम्प्युटरपुढे. पण हुकूम आला की त्याला जावं लागतं, कधी दोन महिने, कधी वर्षभर. मग त्याच्या नोकरीचं काय? तर कायदा असं सांगतो की ती त्याचीच. सैन्यात जातो म्हणून नोकरी नाकारायची नाही, बढती अडवायची नाही, काढून टाकायचं नाही, आणि परत आला की त्याची जागा त्याला द्यायची. एकाच मालकाकडून गेला असेल तर एकूण पाच वर्षांपर्यंतचं जाणं यात बसतं.

त्याची जागा म्हणजे कुठली, यात खरी मेख आहे. आमच्या कामात तिला सरकत्या जिन्याचा नियम म्हणत. नोकरी हा मॉलमधला सरकता जिना आहे असं समजा. सैनिक मध्येच उतरला तरी जिना चालूच राहतो, बरोबरचे लोक वर जातात. तो परत आला की त्याला उतरला त्या पायरीवर उभं करायचं नाही. तो उतरलाच नसता तर आज जिथे पोचला असता, त्या पायरीवर करायचं. मधल्या काळात सगळ्या विभागालाच घरी बसवलं असेल तर जिना खालीही नेतो, हेही मला कितीकांना सांगावं लागलं. ते सांगायचे दिवस मला आवडत नसत.

माझ्या हातात बंदूक नव्हती आणि न्यायाधीशाचा हातोडाही नव्हता. तक्रार आली की दोन्ही बाजू ऐकायच्या, कागद मागवायचे, साक्षी घ्यायच्या आणि नव्वद दिवसांच्या आत आपला निष्कर्ष काढायचा. मालकाचं चुकलं असेल तर त्याला कायदा समजावून सांगायचा. बहुतेक मालक वाईट नसतात, त्यांना माहीतच नसतं. जे ऐकत नाहीत त्यांना, प्रकरण सरकारी वकिलांकडे जाऊ शकतं, हे अगदी गोड आवाजात सांगायचं. हा गोड आवाज कमवायला मला पाच वर्षं लागली.

माझ्या बरोबरीचे बहुतेक तपासनीस स्वतः सैन्यातून आलेले होते. माझे साहेब हॅरिस यांनी तर वीस वर्षं नौदलात काढलेली. मी एकटीच साडी नेसून दिवाळीचा फराळ घेऊन जाणारी. पण मी अगदीच बाहेरची नव्हते. माझे वडील भारतीय सैन्यात हवालदार होते, सिग्नल्समध्ये. वायरलेसचा बंद पडलेला सेट ते डोळे मिटून दुरुस्त करायचे. चाळिशीच्या आत निवृत्त झाले आणि साताऱ्यात एका बँकेच्या दारावर पहारेकरी म्हणून उभे राहिले. दार उघडायचं आणि येणाऱ्या प्रत्येकाला "या, या साहेब" म्हणायचं. वीस वर्षं त्यांनी ते केलं. तुम्हाला काय काय येतं, असं त्यांना कुणी एकदाही विचारलं नाही. बँकेचा फोन बिघडायचा तेव्हा बाहेरून माणूस बोलवायचे आणि बाबा त्यालाही दार उघडायचे. हे मला लहानपणी लागलं नाही. लागलं ते इथे, पहिली फाईल हातात घेतल्यावर.

एका बेकरीची मालकीण आठवते. तिने एका माणसाला कामावर घेतलं, चार दिवसांनी तो युद्धावर जाऊन आलेला आहे हे कळलं आणि पाचव्या दिवशी नको म्हणून सांगितलं. मी विचारलं, का? म्हणाली, असे लोक कधी भडकतील सांगता येत नाही. तो चार दिवसांत कधी भडकला का? नाही. कुणाला उलटून बोलला? नाही, फारच शांत आहे, त्याचीच तर भीती वाटते. मी तिला विचारलं, तुझ्या बेकरीत सगळ्यात मोठ्याने कोण ओरडतं? बाई प्रामाणिक होती. म्हणाली, "मीच." पुढच्या सोमवारी तो कामावर होता. वर्षभराने मी तिथून ब्रेड घ्यायला गेले तर बाईने मला न विचारताच सांगितलं की वेळेवर येणारा तोच एकटा आहे.

सगळ्याच फाईली अशा गोड संपल्या नाहीत. सुरुवातीच्या काळात एका ट्रक मेकॅनिकची तक्रार माझ्याकडे होती. त्याला मी दोन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही, म्हणून नियमाप्रमाणे फाईल बंद केली. सहा महिन्यांनी त्याची आई आली. तिच्या पिशवीत माझी दोन्ही पत्रं होती, न फोडलेली. तो परत आल्यापासून कुठलंही पाकीट उघडत नव्हता, सरकारी तर मुळीच नाही. मी फाईल पुन्हा उघडायची धडपड केली, पण तोवर तो राज्य सोडून गेला होता. माझे कागद बिनचूक होते आणि माणूस हातचा गेला. तेव्हापासून कानाला खडा लावला, की कागद काय म्हणतो ते वाचायचं, आणि तो माणूस काय म्हणतो ते वेगळं जाऊन ऐकायचं. मंदारच्या वेळी मला हाच खडा उपयोगी पडला.

मंदार कराडचा. एम.एस. करायला आला, इथेच राहिला, नागरिक झाला आणि राखीव सैन्यात भरती झाला. असं का केलंस, म्हणून मी त्याला विचारलं नाही, तो प्रश्न आमच्या फॉर्मवर नसतो. आपल्या लोकांनी गजबजलेल्या आयसेलिन गावात साड्यांच्या दुकानांच्या वर एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी होती, तिथे तो टीम लीड होता. कंपनीचे मालक सत्तरीला आलेले मराठी गृहस्थ. त्यांना सगळे काका म्हणत. कंपनीतली निम्मी मुलं मराठी, शुक्रवारी काकूंच्या हातची साबुदाण्याची खिचडी ऑफिसात यायची, गणपती काकांच्या घरी बसायचा. मंदारची आधीची नोकरी गेली होती तेव्हा काकांनी त्याला एका फोनवर कामावर घेतलं होतं. हे त्याने मला पहिल्याच भेटीत सांगितलं, जणू तक्रार करण्याआधी ते सांगणं भाग होतं.

झालं होतं ते असं. गणपतीत मोदक खाताना मंदारने काकांच्या कानावर घातलं होतं की आपल्या तुकडीला बोलावणं येण्याची शक्यता आहे. पुढे खरंच आलं, आणि फार थोड्या मुदतीने. निघायच्या आदल्या दिवशी त्याने काकांना तीनदा फोन केला, लागला नाही, म्हणून निरोप रेकॉर्ड करून ठेवला आणि गेला. दहा महिने. तो गेल्यावर चौथ्या दिवशी कंपनीचं पत्र घरी आलं, की न कळवता तीन दिवस गैरहजर राहिल्यामुळे आपण नोकरी सोडली असं समजण्यात येत आहे. पत्राखाली काकांची सही होती. मंदारची बायको केतकी तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. तिने ते पत्र कपाटात साड्यांखाली ठेवलं आणि तिकडे त्याला कळू दिलं नाही. उगाच त्याचं लक्ष उडायला नको, म्हणाली. परत आल्यावर त्याने आपली मुलगी पहिल्यांदा हातात घेतली, आणि त्याच संध्याकाळी ते पत्रही.

त्याने मुदतीत कंपनीला कळवलं की मी परत आलो आहे, कामावर घ्या. वकिलाचं दोन ओळींचं उत्तर आलं. त्या दोघांनी आदल्याच वर्षी घर घेतलं होतं, केतकीची नोकरी बाळंतपणात सुटली होती, आणि त्याने हाताने उभी केलेली टीम आता दुसऱ्या कुणाच्या हाताखाली होती.

आमच्या कायद्यात जाण्याआधी मालकाला कळवावं लागतं. ते लेखीच पाहिजे असं नाही, तोंडी चालतं. मात्र कळवलं पाहिजे. सगळं प्रकरण त्या रेकॉर्ड केलेल्या निरोपावर येऊन थांबलं. मी मंदारला विचारलं, "एक ईमेल का नाही टाकला रे?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "काकांना ईमेल?" म्हणाला. "ताई, ऑड नाही का वाटणार? त्यांच्या घरी जेवतो मी."

ही चूक फक्त आपलीच माणसं करू शकतात. कंपनीतल्या दुसऱ्या कुणाही साहेबाला त्याने सैन्याच्या हुकमाची प्रत जोडून रीतसर कळवलं असतं. पण घरच्या माणसाला लेखी देणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, असं त्याला मनापासून वाटलं. आणि घरच्यासारखं असण्यात हीच अडचण असते, भांडण झालं की हातात कागद नसतो.

निरोप मी त्याच्या समोरच ऐकला. "काका, मंदार बोलतोय. फोन लागत नाहीये तुमचा. ते आलं शेवटी, मागे म्हटलं होतं ना, ते. उद्या सकाळीच आहे. बाकी सगळं लावून ठेवलंय. आशीर्वाद असू द्या. येतो, काका." त्यात सैन्य नाही, हुकूम नाही, किती दिवस तेही नाही. कारण केतकी शेजारी उभी होती आणि घरात ऑर्डर हा शब्द उच्चारायचा नाही असं दोघांनी ठरवलं होतं.

कंपनीच्या वकिलाने या निरोपाचं इंग्रजी भाषांतर करून जोडलं होतं, शिक्क्यासह. त्याची शेवटची ओळ होती, 'आय ॲम कमिंग, अंकल.' वकिलाचं म्हणणं सरळ होतं. कसली तरी गोष्ट आली आहे, ती उद्या सकाळी आहे, सगळी तयारी झाली आहे आणि मी येतो आहे, असं हा माणूस म्हणतो. दुसऱ्या दिवशी सकाळी एका मोठ्या गिऱ्हाइकापुढे त्यालाच बोलायचं होतं. मालकाने वाट पाहिली, तो आला नाही, काम हातचं गेलं. यात जाण्याची सूचना कुठे आहे?

ती ओळ मी वाचली आणि मला आमचा साताऱ्याचा उंबरा दिसला. बाबांची रजा संपली की आई त्यांच्या तळहातावर दही घालायची. ते पायात बूट घालून ट्रंक उचलायचे आणि म्हणायचे, "येतो." आई म्हणायची, "या." एकदा मी मध्येच विचारलं, "बाबा, कुठे चाललात?" तर आईने पाठीत धपाटा घातला. निघालेल्या माणसाला कुठे म्हणून विचारायचं नसतं, आणि निघणाऱ्याने जातो म्हणायचं नसतं. लढाईवर जाणाराही येतोच म्हणतो. हे आपल्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

पण मला माहीत असून भागत नव्हतं. तपासनिसाला आपल्याच फाईलमध्ये साक्ष देता येत नाही. केस हातात घेतानाच मी हॅरिससाहेबांना सांगितलं होतं की हे आमच्या समाजातले लोक आहेत, मी त्यांना ओळखत नाही, पण त्यांची भाषा माझी आहे. त्यावर ते म्हणाले होते की भाषा येणं हा गुन्हा नाही. आता मी 'येतो'चा अर्थ सांगायला लागले तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुला माहीत असणं वेगळं आणि फाईलला माहीत असणं वेगळं. मी सरकारी यादीतल्या दुसऱ्या भाषांतरकाराकडे निरोप पाठवला. त्याने लिहून पाठवलं, 'आय विल कम.' खाली शेरा, शब्दशः. मी पुन्हा लिहून खुलासा मागवला. उत्तराला वेळ लागेल असं कळलं, आणि नव्वदातले माझ्याकडे थोडेच दिवस उरले होते.

तेव्हा उरले काका. तो निरोप ज्यांच्यासाठी होता, त्यांना तो काय समजला, एवढंच मला त्यांच्या तोंडून हवं होतं. मी त्यांना जबाबासाठी माझ्या ऑफिसात बोलावलं.

ते वकिलाला घेऊन आले. राखाडी स्वेटर, हातात गोल केलेली टोपी. वकील तरुण होता, गोरा, नीटनेटका, आणि माणूस म्हणून चांगला. तो निरोप त्याने इतक्या वेळा ऐकला होता की त्याला सुरासकट पाठ झाला होता, शब्द मात्र एक कळत नव्हता. रेकॉर्डर लावला, जबाब इंग्रजीत सुरू झाला. मंदार कसा होता? हुशार. गणपतीत तो काय बोलला? गप्पांत काही बोलला असेल, आठवत नाही. निरोप कधी ऐकला? त्याच संध्याकाळी. त्यातून काय समजलात? काकांनी टोपीकडे बघत सांगितलं, तो येणार आहे असं समजलो. मी विचारलं, मराठीत या शब्दाचा दुसरा काही अर्थ होतो का? वकिलाने हरकत घेतली की हे भाषातज्ज्ञ नाहीत. काका म्हणाले, शब्द आहेत ते आहेत.

मी तासभर निरनिराळ्या वाटांनी तिथेच जात राहिले आणि ते तिथेच उभे राहिले. मला राग आला होता, खोटं का बोलू. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती, पण हा माणूस माझ्या आईच्या भाषेमागे भांडं लपवत होता. तरीही नियम तो नियम. माझे प्रश्न संपले. मी त्यांचे आभार मानले आणि रेकॉर्डर बंद करायला हात पुढे केला.

काका उठले, टोपी घातली, दाराशी गेले आणि आपण कुणाही घरून निघताना वळतो तसे वळले. म्हणाले, "बरं, येतो ताई."

मी म्हटलं, "या."

दोघांच्याही तोंडून ते गेलं, अगदी नकळत. माझं मी काय बोलले तेही माझ्या लक्षात आलं नव्हतं. लक्षात आलं ते वकिलाच्या. तो बॅगेत कागद भरत होता, तो थांबला.

"वेट," म्हणाला. "दॅट्स द वर्ड. येटो. ही सेड येटो." त्याने काकांकडे पाहिलं, मग उघड्या दाराकडे, मग माझ्याकडे. "बट ही इज लीव्हिंग."

रेकॉर्डरचा लाल दिवा अजून चालूच होता. वकिलाने मला विचारलं, आणि तू काय म्हणालीस? मी म्हटलं, मी त्यांना 'कम' म्हणाले. तो खुर्चीत बसला. एवढ्या महिन्यांत मराठीतला एकच शब्द त्याच्या कानाला ओळखू येत होता आणि तोच त्याच्या अशिलाने दारात उभं राहून उच्चारला होता. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात, तसं झालं.

काका परत आले, टोपी काढली आणि बसले. वकील त्यांना सांगत होता की आता काही बोलू नका, आपण बाहेर जाऊन बोलू. काकांनी हाताने त्याला थांबवलं आणि माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "मला कळलं होतं, ताई. ऐकलं तेव्हाच कळलं होतं."

मी म्हटलं, "काका, रेकॉर्डसाठी इंग्रजीत सांगावं लागेल."

त्यांनी सांगितलं. तो जातो आहे हे मला समजलं होतं, कुठे जातो आहे हेही समजलं होतं. मग बराच वेळ बोलत राहिले. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकापुढे ते स्वतः उभे राहिले, प्रश्नांची उत्तरं त्यांना देता आली नाहीत, माणसांपुढे तोंडघशी पडले. ज्याला मुलासारखं मानलं त्याने ऐन वेळी असं करावं, याचा राग आला. कंपनीच्या सल्लागाराने पत्र तयार करून आणलं आणि रागाच्या भरात सही केली. पुढे वाटलं की मागे घ्यावं, पण केतकीला फोन कुठल्या तोंडाने करणार? हे सगळं त्यांनी इंग्रजीत सांगितलं. फक्त 'कुठल्या तोंडाने' तेवढं मराठीत राहिलं.

पुढचं काम सोपं होतं. वकिलानेच आठवड्याच्या आत कळवलं की कंपनी चूक मान्य करते. मंदारला त्याची जागा परत मिळाली, पण कुठली? त्याची टीम ज्याने सांभाळली होती तो मधल्या काळात डायरेक्टर झाला होता. कागद पाहिले, कुणाला केव्हा कशामुळे बढती मिळाली ते तपासलं, आणि निघालं ते स्वच्छ होतं. मंदार इथे असता तर ती पायरी त्याची होती. तो डायरेक्टर म्हणून परत गेला आणि त्या दुसऱ्या माणसाला निराळा विभाग मिळाला. फाईल बंद करताना मी शेवटच्या पानावर सही केली तेव्हा नव्वदातले चार दिवस शिल्लक होते. त्या सहीचा मला आजही अभिमान आहे. वळण जरा जास्तच सुरेख आलं होतं.

पण कायदा पायरी परत देतो, घरोबा देत नाही. काही महिन्यांनी मला बाहेरून कळलं की मंदार काकांकडे गणपतीला गेला नाही. दोघं एकाच मजल्यावर बसून एकमेकांना ईमेल करत होते. माझं काम झालं होतं आणि तरीही मला वाईट वाटलं.

मी निवृत्त झाल्यावरची गोष्ट. आयसेलिनच्याच ओक ट्री रोडवर किराणा घ्यायला गेले होते, कढीपत्ता निवडत होते. मागून "ताई" म्हणून हाक आली. मंदार होता, कडेवर दोन वर्षांची मुलगी. मी आता सरकारी नव्हते, म्हणून मोकळेपणी विचारलं, कसं चाललंय. म्हणाला, बरं चाललंय, परवाच शिबिर करून आलो. मी म्हटलं, या वेळी लेखी दिलंस ना? तो हसला.

"दिलं ना, सगळी कलमं टाकून ईमेल केला," म्हणाला. "काकांचं एका ओळीत उत्तर आलं, नोटेड. निघायच्या दिवशी मात्र राहवलं नाही. केबिनच्या दारात गेलो आणि म्हटलं, येतो काका."

"मग?"

"बराच वेळ स्क्रीनकडेच बघत होते. मग चष्मा काढला. म्हणाले, ये. आणि गणपतीच्या आत ये."

मुलगी कढीपत्त्याची पानं तोडून माझ्या ट्रॉलीत टाकत होती. ती पानं मी तशीच घरी घेऊन आले.

तर मावशी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. आमचा कायदा कलमं, पोटकलमं, नियम धरून चांगला जाडजूड आहे, आणि त्यात लिहिलंय ते एवढंच. जाणारा 'येतो' म्हणाला, की मागे राहिलेल्याने 'या' म्हणायचं, आणि तो आला की दार उघडायचं. माझ्या वडिलांनी ते बँकेच्या दारावर उभं राहून वीस वर्षं सगळ्या गावाला म्हटलं. त्यांना मात्र कुठल्या ऑफिसाने म्हटलं नाही. मी जन्मभर दुसऱ्यांच्या दारांवर जाऊन तेवढा एक शब्द वसूल करत होते.